गरम हवा वर जाते, म्हणून विमानही जातं?

नवतपा लागला की आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरायला लागतो. छोटं विमान झाडांच्या शेंड्यांवरून कसंबसं जातं आणि रानात आदळतं. खाली मजकूर: "विदर्भातलं विमान, चौघं जागीच ठार. गरम हवा वर जाते, म्हणजे उन्हाळ्यात उड्डाण सोपं. तरी पडलं, म्हणजे इंजिन भंगार नाहीतर पायलट कच्चा. धावपट्टी लांब असती तर वाचले असते."

जागेचं आधी उरकू. हा अपघात अमेरिकेच्या आयडाहो राज्यातला, ब्रूस मेडोज या डोंगराळ धावपट्टीवरचा, ३० जून २०१२ चा. विमान स्टिन्सन १०८. चौघंही वाचले. मागचं पाईनचं रान पाहून कुणाला आपलं सागवान कसं आठवलं, देव जाणे.

आता गरम हवा. ती वर जाते हे खरंच, पण विरळ असते म्हणून जाते, आणि विमानाला नेमकी तीच नडते. पंखांना उचल हवेतूनच मिळते, प्रोपेलर तीच मागे लोटतो, इंजिन तीच ओढून पेट्रोल जाळतं. हवा विरळ झाली की तिन्हीकडून मार बसतो. घार उन्हात चढते ना? चढते, कारण ती गरम झोत सापडला की त्यातच गिरक्या घेत राहते. विमानाला धावपट्टीवरून सरळ निघायचं असतं.

यवतमाळचाच हिशेब करा. उंची सुमारे १,५०० फूट. प्रमाण वातावरणात, म्हणजे विमानांच्या हिशेबासाठी ठरवलेल्या सरासरी हवेत, या उंचीवर तापमान १२ अंश धरतात. मे महिन्यातल्या दुपारी ४५ असेल, तर ३३ अंश जास्त. दर जास्तीच्या अंशाला हवा साधारण १२० फूट आणखी उंचावर असावी तितकी विरळ होते, म्हणजे जवळपास ४,००० फुटांची भर. विमानाच्या लेखी धावपट्टी गेली ५,५०० फुटांवर, कळसूबाईच्या माथ्याला! टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारं यंत्र) नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे ३ टक्क्यांच्या आसपास घटते. ब्रूस मेडोज तर मुळातच ६,३७० फुटांवर, त्या दिवशी तापमान सुमारे २७ अंश. हिशेबाने उंची ९,२०० फुटांच्या घरात. तिथे धडधाकट इंजिनही अपुरं पडतं.

लांब धावपट्टी? तिथली जवळपास ५,००० फूट होती. छोट्या विमानाला ती काही तोकडी नव्हे. जमिनीलगत पंखांना थोडा आधार मिळतो, म्हणून चाकं सुटतात. पण जरा वर गेलं की तो आधार संपतो आणि विमान चढतच नाही. लांबीचा खरा फायदा वेळेवर थांबायचं ठरवलं तरच.

पायलटला मी मोकळं सोडत नाही. हा हिशेब उड्डाणाआधी करणं त्याचंच काम. पण त्याला "कच्चा" म्हणून विषय संपवला, की उन्हाचा भाग कुणाच्या ध्यानातच येत नाही.

मग उन्हाळ्यात उडायचंच नाही का? उडतात की. पहाटे, वजन कमी ठेवून. चार खुर्च्या आहेत म्हणून मे महिन्यातल्या दुपारी चौघांनी बसायचं नसतं. पहाटे २८ अंश असेल तर यवतमाळचा तोच आकडा ३,४०० फुटांवर उतरतो.