खेळी पाठवलीस का?

२२ जून १९४१ला जर्मनीने सोव्हिएत संघावर स्वारी केली. माझी स्वारी गेल्या वर्षी निघाली आणि मॉस्कोच्या अलीकडे खोळंबली आहे.

खेळ संगणकावरचा. एक खेळी म्हणजे युद्धाचा एक आठवडा. मी जर्मन, मित्र रशियन. आपली खेळी करायची, फाइल मेलने धाडायची आणि वाट बघायची. मे १९४५पर्यंत साधारण २०० आठवडे होतात आणि आम्हाला एका फेरीला पंधरा दिवस लागतात. हा गुणाकार मी एकदाच केला, रात्री अडीचला, आणि बायकोला सांगितला नाही. खऱ्या सैन्यांनी चार वर्षांत उरकलेलं युद्ध आम्हाला आठ वर्षं पुरणार आहे.

संगणकाविरुद्ध खेळलो असतो तर कधीच बर्लिनला परतलो असतो, जिंकून किंवा हरून. पण संगणक चिडत नाही. कीव्हजवळ मी मित्राच्या फौजा घेरल्या, तेव्हा त्याचा दोनच शब्दांचा मेल आला : ‘नीच माणसा.’ तो मी जपून ठेवलाय.

लोकांना वाटतं, आपण रणगाडे पळवतो. छे! मी रूळ मोजतो. सोव्हिएत रुळांमधलं अंतर १५२४ मिलिमीटर, जर्मन रुळांमधलं १४३५. फरक ८९ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम पाच बोटं. पण तेवढ्यापायी रूळ बदलत बसावं लागतं आणि तोवर रसद मागेच. माझी एक पॅन्झर डिव्हिजन, म्हणजे रणगाड्यांची तुकडी, तीन खेळ्या नकाशावरच्या एकाच षटकोनी घरात बसून आहे. तिच्यावर क्लिक केलं की इंधनाच्या रकान्यात शून्य. मधल्या काळात ते बदलणं शक्य नाही, हे मला कळतं. तरी मी रोज ऑफिसला जाण्याआधी एकदा क्लिक करून बघतो. ऑक्टोबरातल्या चिखलाबद्दल तर बोलायलाच नको.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. उन्हाळ्यात मी मुसंडी मारत होतो, तेव्हा मित्राच्या घरी लग्न निघालं, मग त्याची पाठ धरली, मग इंटरनेट गेलं. स्मोलेन्स्क पडलं त्या आठवड्यात तर त्याला घर बदलायचं होतं. मी बिचारा ‘काळजी घे रे’ लिहीत राहिलो.

आता २४वी खेळी. डिसेंबर लागलाय, माझे सैनिक गारठलेत, मित्राच्या मदतीला सायबेरियातून ताज्या फौजा आल्यात आणि तो ठणठणीत आहे. मी फाइल पाठवली की दोन तासांत उलट टपाली त्याचा हल्ला हजर, खाली मायेने लिहिलेलं : ‘लवकर पाठव रे, मजा येतेय.’

काल मी त्याला कळवलं, ‘घरी पाहुणे आलेत. आठ-दहा दिवस जमणार नाही.’

बायकोने मागून वाचलं. “कोण पाहुणे?”

“सायबेरियाचे,” मी म्हटलं.