वास्तूंची छायाचित्रे आणि त्यांच्याखालच्या दोन ओळी

सातारा जिल्ह्यातल्या कोणत्याही जुन्या वास्तूचे नाव आज मोबाइलवर टाइप केले, तर छायाचित्रांना तोटा नाही. लिंबची बारा मोटेची विहीर, मेणवलीचा वाडा आणि घाट, वाईचा ढोल्या गणपती, माहुलीच्या संगमावरची देवळे यांची चित्रे ढिगाने समोर येतात. त्यांतली बरीचशी ड्रोनने घेतलेली असतात आणि रंग इतके गडद केलेले असतात की आपला काळा दगड निळसर दिसू लागतो. मात्र ते चित्र कोणत्या वर्षीचे आहे, कोणत्या बाजूने घेतले आहे, समोर दिसणारी कमान मूळची आहे की नंतर दुरुस्त केलेली, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर उत्तर सापडत नाही. सांगलीत घरांचे नकाशे काढून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला जुन्या बांधकामाचा अभ्यास अधूनमधून करावा लागतो, आणि त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की चित्रे वाढली तरी वास्तूंच्या इतिहासाचे साधन म्हणून आपल्या हाती पूर्वीपेक्षा फार काही अधिक आलेले नाही. इंटरनेटच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत वास्तुइतिहासाच्या अभ्यासकांनी चित्रे मांडण्याची जी शिस्त घालून दिली होती, ती आपण उचलली नाही, हे त्याचे कारण.

ती शिस्त संगणकाने आणलेली नाही. परदेशी विद्यापीठांच्या कला आणि वास्तुकला विभागांत ३५ मिलिमीटरच्या स्लाइड, म्हणजे प्रोजेक्टरने पडद्यावर दाखवायची छोटी पारदर्शक छायाचित्रे, खणाखणांतून लावून ठेवलेल्या असत. प्रत्येक स्लाइडच्या चौकटीवर वास्तूचे नाव, गाव, बांधणारा, काळ आणि दृश्य कोणत्या भागाचे आहे, इतके लिहिलेले असे; प्रोजेक्टरमध्ये चित्र उलटे जाऊ नये म्हणून एका कोपऱ्यात ठिपकाही काढलेला असे. हे सगळे करणारी माणसे ग्रंथपालाच्या वृत्तीची होती, आणि संगणकावर चित्रे चढवण्याचे काम पुढे त्यांच्याकडेच आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील वास्तुकला विभागाने १९९०च्या दशकात ‘स्पायरो’ नावाचा संग्रह इंटरनेटवर खुला केला, तो मुळात त्यांच्या स्लाइड-संग्रहाची सूचीच होती. फक्त नोंदीशेजारी चित्र पाहण्याची सोय झाली होती. कोडॅकने स्लाइड-प्रोजेक्टर बनवणे २००४ मध्ये थांबवले, तोवर चित्राबरोबर नोंद असलीच पाहिजे ही सवय पडद्यावर स्थिरावली होती.

याच काळात काही कामे एकेकट्या शिक्षकांनीही उभी केली आणि मला त्यांचे जास्त अप्रूप वाटते. ओहायोतल्या ब्लफ्टन या छोट्या गावातल्या विद्यापीठात शिकवणाऱ्या मेरी अॅन सलिव्हन यांनी स्वतः प्रवास करून घेतलेली वास्तूंची आणि शिल्पांची छायाचित्रे शिक्षणासाठी मोफत उपलब्ध करून दिली; एकाच इमारतीचा दर्शनी भाग, मागची बाजू, खांबाचा माथा, दाराची चौकट अशी क्रमाने लावलेली आणि सोबत थोडक्यात माहिती. व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायर कॉलेजचे ख्रिस्तोफर विटकोम यांनी १९९५ पासून कलेच्या इतिहासाची इंटरनेटवरची साधने कालखंडानुसार लावून देणारी सूची सांभाळली. गूगल अजून जन्माला यायचे होते, त्यामुळे शोधायचे ते अशा सूचीतूनच. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले, तेही मोठ्या शहरांपुरते. जिल्ह्याच्या गावी सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे मोजून बसावे लागे. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर शंभर केबीचे एक चित्र उतरायला, सगळे सुरळीत असले तर, पंधरा सेकंद लागत. चित्र उतरेपर्यंत खालचा मजकूर वाचूनच होत असे, हा त्या संथपणाचा फायदा म्हणायला हरकत नाही.

आमच्या भागाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी पडलेला संग्रह म्हणजे आर्कनेट. आगाखान ट्रस्ट फॉर कल्चर आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांनी मिळून तो २००२ मध्ये सुरू केला. विषय मुस्लिम समाजांची वास्तुकला हा असल्यामुळे आदिलशाही विजापूर त्यात ओघाने आले, आणि मिरजेचा इतिहास विजापुराशी किती घट्ट बांधलेला आहे हे सांगली-मिरजेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. गोल घुमटाविषयी आपल्याकडे प्रतिध्वनीपलीकडे सहसा बोलले जात नाही. पण सुमारे ४४ मीटर व्यासाचा तो घुमट चौरस दालनावर कसा बसवला, एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी चौकोनाचा गोल कसा केला, हे समजायला आतून वर पाहून घेतलेले चित्र, नकाशा आणि छेद (इमारत उभी कापल्यासारखे रेखाचित्र) एकत्र पाहावे लागतात. तशी सामग्री आणि तिच्यावरचे लेख एका जागी, कोणतेही शुल्क न घेता देणे ही आर्कनेटची खरी कामगिरी आहे. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात जन्म गेलेल्या माणसालाही असा संग्रह चाळल्यावर आपला परिसर वेगळा दिसू लागतो.

हिंदू, बौद्ध आणि जैन वास्तूंसाठी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचा छायाचित्रसंग्रह महत्त्वाचा आहे. १९६५ मध्ये वाराणसीत सुरू झालेले आणि पुढे गुडगावला गेलेले तिचे कला व पुरातत्त्व केंद्र म्हणजे मधुसूदन ढाकी यांच्यासारख्या विद्वानांचे कार्यक्षेत्र. तिथल्या लाखाहून अधिक छायाचित्रांपैकी मोठा भाग शिकागो विद्यापीठाशी संबंधित डिजिटल साउथ एशिया लायब्ररीने इंटरनेटवर आणला. चित्रे कृष्णधवल आणि आजच्या मानाने लहान. पण स्थळ, जिल्हा, वास्तू, तिचा भाग, अंदाजे काळ अशी नोंद असल्यामुळे देवळाचे शिखर गेल्या पन्नास वर्षांत किती बदलले हे सांगण्याइतपत भक्कम. ब्रिटिश लायब्ररीने इंडिया ऑफिस संग्रहातली एकोणिसाव्या शतकातली छायाचित्रे अशीच वर्णनासह मांडली. त्या वर्णनांत साहेबी दृष्टी आहे आणि मधूनच आपल्या शिल्पांविषयी तुच्छतेचे शेरे आहेत, हे खरे. तरीही छायाचित्रकार आणि साल समोर असले की त्या दृष्टीचीही तपासणी करता येते.

सोसायटी ऑफ आर्किटेक्चरल हिस्टोरिअन्स या १९४० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने २००९ मध्ये ‘सहारा’ हा संग्रह सुरू केला आणि त्यात अभ्यासकांनी स्वतः घेतलेली छायाचित्रे नोंदीसह जमा करण्याची सोय केली. कल्पना उत्तम होती. परंतु तो आर्टस्टोर या सशुल्क व्यवस्थेशी जोडलेला असल्यामुळे वाळवा किंवा खटावच्या शिक्षकाला त्याचा उपयोग होण्याची शक्यता कमीच होती. विद्वत्ता कुलूपबंद ठेवण्याच्या या प्रथेविषयी माझे मत चांगले नाही.

दुसऱ्या टोकाला होती पॅनोरामिओसारखी सर्वांसाठी खुली साधने. २००५ मध्ये सुरू झालेल्या आणि २००७ मध्ये गूगलने विकत घेतलेल्या या सेवेवर लोक नकाशातल्या नेमक्या जागेवर छायाचित्र लावत आणि ते गूगल अर्थवर दिसे. माण-खटावच्या उघड्या माळावरची एखादी दीपमाळ, कृष्णाकाठचा एखादा पडका घाट, कोणत्याही पुस्तकात न आलेल्या अशा जागा तिथे सापडत, कारण गावचा मुलगा सुट्टीत घरी आला की फोटो टाकत असे. २०१६ मध्ये ती सेवा बंद झाली. छायाचित्रे ठेवण्याच्या फ्लिकर या सेवेने २०१८ मध्ये मोफत खात्यांवर हजार छायाचित्रांची मर्यादा घातली. त्याआधी २०१४ मध्ये ऑर्कुट गेले होते. विद्यापीठांचे आणि ग्रंथालयांचे संग्रह चिरंजीव असतात असेही नाही. ऑक्टोबर २०२३ मधल्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीच्या अनेक ऑनलाइन सेवा कित्येक महिने बंद होत्या. फरक इतकाच की जिथे नोंदवही आहे तिथे संग्रह पुन्हा उभा करता येतो, आणि जिथे नुसता चित्रांचा ढीग आहे तिथे काय गेले हेसुद्धा कळत नाही.

साताऱ्याला ही दृष्टी नवीन नसावी. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १९०८ मध्ये इथूनच ‘इतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू केले आणि कागदपत्रांबरोबर जुनी चित्रेही आयुष्यभर जमवली. त्यांच्या संग्रहावर उभे राहिलेले साताऱ्याचे ऐतिहासिक संग्रहालय १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. सातारा जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटिअर राज्याच्या दर्शनिका विभागामुळे आता घरबसल्या वाचता येते, आणि माहुलीचे विश्वेश्वराचे देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी सुमारे १७३५ मध्ये बांधले यासारखा तपशील त्यात मापांसह मिळतो. तेव्हाचा सातारा जिल्हा वाळवा-तासगावपर्यंत पसरलेला होता, म्हणून सांगलीकरांनीही तोच खंड उघडावा. एवढे जुने वर्णन हाती असताना त्याच देवळाची १९६०, १९८० आणि २००० या सालांतली चित्रे ओळीने लावून देणारी एकही जागा मला ठाऊक नाही.

दरम्यान जीर्णोद्धार जोरात आहेत. दगडी खांबांना ऑइल पेंट लागतो, ओवऱ्यांत चकचकीत फरशी बसते, चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट मारले जाते, वीरगळ उचलून पाराच्या कडेला लावले जातात. भक्तांच्या भावनेशी माझे भांडण नाही. देऊळ हे राहते देऊळ आहे, त्यात बदल होणारच. पण बदलाच्या आधी चारही बाजूंनी, गाभाऱ्यापासून शिखरापर्यंत छायाचित्रे घेऊन तारखेसह ठेवणे याला फारसा खर्च येत नाही. मोबाइल तारीख आणि जागा आपोआप टिपतो, फक्त लोकेशन चालू असावे लागते. मग तोच फोटो आपण व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवतो आणि ती माहिती पुसली जाते, चित्रही लहान होते. फेसबुकवरही मूळ माहिती वाचणाऱ्याच्या हाती लागत नाही, म्हणून ही पोस्ट लिहिण्यापलीकडे या जागेचा उपयोग संग्रहासाठी करू नये असे मी म्हणेन.

ठेवायचे असेल तर विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाच्या संस्थेचा सर्वांसाठी खुला चित्रसंग्रह, हा सध्या मला सर्वांत बरा मार्ग वाटतो. २००४ पासून चालू आहे, नफ्यासाठी नाही, वर्णन मराठीत लिहिता येते आणि दिनांक, छायाचित्रकार, परवाना या रकान्यांची तिथे रीतच आहे. आपण घेतलेल्या छायाचित्राचे हक्क आपले असतात आणि वास्तूचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करायला १९५७ चा कॉपीराइट कायदा आडवा येत नाही. जुन्या स्टुडिओच्या छायाचित्रांचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. तिथे आधी परवानगी घ्यावी. मूळ फाइलची एक प्रत घरातल्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी असावी, कारण २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या सांगलीत तळमजल्यावरच्या कपाटाचा भरवसा कोणी देऊ शकत नाही.

मी हरिपूरच्या संगमेश्वरापासून आणि तासगावच्या गणपती मंदिराच्या सात मजली गोपुरापासून सुरुवात करतो आहे. या दोन ठिकाणांची लग्नातली, सहलीतली, उत्सवातली, कसलीही जुनी छायाचित्रे कोणाकडे असतील, माणसांच्या मागे थोडीशी भिंत किंवा शिखर दिसत असेल, तर पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू स्कॅन करून द्याव्यात. मागे पेन्सिलीने लिहिलेले साल पुसट झाले असले तरी चालेल. साल नसेल तर छायाचित्रातली माणसे कोण आणि लग्न कोणाचे एवढे सांगावे; त्यावरून वर्ष काढता येते.