खुलासा: कोल्हापूरची ख्रिस्ती मंडळी (चर्च) आणि 1706 सालाचा घोळ

‘कोल्हापुरातील पहिली ख्रिस्ती मंडळी जर्मन लुथरन मिशनऱ्यांनी 1706 साली स्थापन केली’ हा संदेश गेल्या आठवड्यात मीही न तपासता पुढे पाठवला होता; तो चुकीचा आहे. 1706 हे वर्ष खरे, पण ते तामिळनाडूतील तरंगंबाडीचे: त्या वर्षी झीगेनबाल्ग आणि प्ल्यूत्शाऊ हे दोन जर्मन लुथरन (मार्टिन ल्यूथरच्या प्रॉटेस्टंट पंथाचे) मिशनरी डॅनिश राजाच्या आश्रयाने तेथे उतरले. कोल्हापूरची स्वतंत्र गादीसुद्धा तोपर्यंत निर्माण झालेली नव्हती, एवढे लक्षात आले असते तरी मी थांबलो असतो.

कोल्हापुरात मिशनचे काम 1852 मध्ये रॉयल गूल्ड वाइल्डर यांनी सुरू केले. ते अमेरिकेतील व्हरमाँटचे. आधी अहमदनगरला अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेकडे होते. त्या बोर्डाच्या आणि पुढे 1870 मध्ये ज्यांच्याकडे हे काम गेले त्या प्रेस्बिटेरियन (आणखी एक प्रॉटेस्टंट पंथ) मंडळाच्या नोंदींशी हा क्रम जुळतो. शेजारच्या धारवाड-हुबळीकडील बासेल मिशनमध्ये लुथरन आणि रिफॉर्म्ड अशा दोन्ही प्रॉटेस्टंट परंपरांचे लोक होते, त्यामुळे गोंधळ झाला असावा.

जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये. ज्या गटांत तो गेला आहे तेथे हा खुलासा द्यावा.