हाताला बसतं म्हणून घेतलं, आणि सुटलं की हाताचाच दोष

"काका, पिस्तूल काय आपोआप सुटतं का? बोट लागल्याशिवाय गोळी जात नसते. अमेरिकेतले ते सैनिक नि पोलीसच ढिले."

रविवारी जेवताना पुतण्या हे बोलला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे वाक्य मी नोकरीची २४ वर्षं ऐकलंय. लष्कराच्या ईएमईत, म्हणजे यंत्रं नि हत्यारं दुरुस्त करणाऱ्या विभागात, आर्मरर होतो. हत्यार खोलायचं, तपासायचं, जोडायचं आणि त्याखाली सही करायची, एवढंच काम. आणि ज्यानं जन्मात सिअर हा पिस्तुलातला कळीचा भाग डोळ्यांनी बघितला नाही तो मोबाईलवर दोन व्हिडिओ बघून छातीठोकपणे सांगतो, बोट लागल्याशिवाय जात नाही म्हणे. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

विषय होता अमेरिकन लष्कराच्या एम-१७ आणि एम-१८ पिस्तुलांचा, ती बोट न लागताच सुटतात या तक्रारीचा. सिग सॉअर कंपनीचं पी-३२० हे त्यांचं मूळ. १९८५ साली निवडलेलं बेरेटा एम-९ काढून अमेरिकन लष्कराला मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग बदलून जुळवता येणारं, पिस्तूल आणायचं होतं. जानेवारी २०१७ मध्ये सिगला कंत्राट मिळालं, जास्तीत जास्त ५८ कोटी डॉलरचं. स्पर्धेतल्या ग्लॉक कंपनीनं तक्रार केली, जूनमध्ये ती फेटाळली गेली. सिगची किंमत ग्लॉकपेक्षा १० कोटी डॉलरहून अधिक फरकानं कमी होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये फोर्ट कॅम्पबेलला १०१व्या एअरबॉर्न डिव्हिजनच्या हातात पहिली पिस्तुलं पडली.

मॉड्युलर ही कल्पना मला मनापासून पटते, हे आधीच सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा नव्याच्या नावानं ओरडतोय. बेरेटाची मूठ जाड. लहान पंजाच्या माणसाचं बोट ट्रिगरवर नीट पोचायचं नाही, मग तो पकड सैल करून बोट पुढे ढकलणार आणि नेम गेला. नव्या पिस्तुलात सगळी यंत्रणा पत्र्याच्या एका छोट्या चौकटीत बसवलेली. नंबर त्या चौकटीवर, म्हणजे कायद्यानं ती चौकटच पिस्तूल. मूठ नुसती वरची खोळ. लहान, मध्यम, मोठी, ज्याचा जसा पंजा तशी लावायची. बाईमाणसाच्या हातात बसतं, पैलवानाच्या हातात बसतं. आर्मररच्या दृष्टीनं तर सोनंच. चौकट उचलून बाहेर काढली की सगळं समोर उघडं.

मग मला एवढंच सांगा. ज्या पिस्तुलाची सगळी जाहिरातच मुळी "प्रत्येक हाताला बसणारं" अशी होती, ते नको तेव्हा सुटलं की पहिलं वाक्य "हात चुकला" हेच कसं काय निघतं तुमच्या तोंडातून?

सिअर म्हणजे काय ते जरा समजून घ्या. दाराला जोरकस स्प्रिंग लावलीय, दार सारखं मिटायला बघतंय आणि एका कडीनं ते उघडं धरून ठेवलंय असं समजा. ती कडी म्हणजे सिअर. पी-३२०मध्ये स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढून सोडली की आतला स्ट्रायकर, म्हणजे गोळीवर आघात करणारी दांडी, जवळजवळ पूर्ण ताणलेला राहतो. त्याला अडवून धरते ती सिअरची एक बारीक कड. ट्रिगर दाबला की ती कड सरकते, स्ट्रायकर सुटतो, गोळी जाते. आता ती कड झिजली, मापात कमी भरली, किंवा खाली कचरा बसला, तर तिला सरकायला बोटच लागतं असं कुणी सांगितलं तुम्हाला? म्हणून तर आत दुसरा अडसर ठेवतात आणि लष्कराच्या पिस्तुलाला बाहेरून अंगठ्याची सेफ्टी असते. बोटाशिवाय सुटण्याची भीतीच नसती तर हे अडसर कुणी कशाला बनवले असते?

आणि २०१७ साली जे झालं ते तर वादाच्या पलीकडचं आहे. पी-३२० मागच्या बाजूवर ठराविक कोनात पडलं की सुटायचं. कारण काय? ट्रिगर जड. पिस्तूल जमिनीवर आपटून थांबलं, पण ट्रिगर स्वतःच्या वजनानं मागे येत राहिला आणि त्यानं सिअर सोडला. तिथं कुणाचं बोट नव्हतं, कुणी पिस्तूल धरलंही नव्हतं! अमेरिकन संरक्षण खात्याच्या चाचणी विभागाच्या अहवालात लिहिलंय की लष्कराच्या चाचणीतही पाडल्यावर पिस्तूल सुटलं आणि कंपनीनं ट्रिगरचे भाग हलके करून ते दुरुस्त केलं. छापील अहवाल आहे. तो वाचायला कुणाला वेळ नाही, पण सैनिकाला ढिला म्हणायला सगळ्यांना वेळ आहे.

नागरिकांच्या आणि पोलिसांच्या पिस्तुलांसाठी ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीनं जे जाहीर केलं त्याचं नाव काय, तर "ऐच्छिक सुधारणा". म्हणजे हवी तर करून घ्या. कमरेला भरलेलं हत्यार लावून माणूस बसस्टॉपवर उभा राहतो, शाळेत मुलाला आणायला जातो, आणि ते पडल्यावर सुटू नये ही त्याची इच्छा! माझ्या वर्कशॉपमध्ये असलं हत्यार सापडलं असतं तर लाल पट्टी बांधून वेगळं ठेवलं असतं आणि त्या लॉटचं एकेक पिस्तूल कोतमधून, म्हणजे युनिटच्या शस्त्रागारातून, मागवलं असतं. "तुमची इच्छा असेल तर घेऊन या" असा निरोप मी पाठवला असता तर माझी नोकरी गेली असती, आणि जायलाच हवी होती.

त्या खरेदीच्या वेळचंही एक सांगतो, कारण त्यावर लोक टाळ्या पिटतात. २०१६ मध्ये तिथले लष्करप्रमुख जनरल मार्क मिली जाहीरपणे चिडले होते. एका पिस्तुलासाठी साडेतीनशेहून जास्त पानांची मागणी, दोन वर्षं चाचण्या, वर १ कोटी ७० लाख डॉलर खर्च. तेवढे पैसे मला द्या, मी फोन करून दुकानातून पिस्तुलं आणून देतो, अशा अर्थाचं ते बोलले. कागदांचा राग मला समजतो. कागद भरता भरता आमचेही हात झिजलेत. पण चाचणीला वेळ लागतो म्हणून चिडू नका हो! पाडून बघणं, चिखलात घालून बघणं, हजारो गोळ्या झाडून पुन्हा माप घेणं, हे दुकानातल्या फोनवर होत नाही. पडल्यावर सुटतं हे कळलं ते कुणीतरी मुद्दाम पाडून बघितलं म्हणून कळलं.

बेरेटाच्या वेळीही हीच तऱ्हा होती. १९८०च्या दशकात स्लाइड तुटून मागे नेमबाजाच्या तोंडावर आल्या. तेव्हाही आधी वाद झाला तो दारूगोळा जास्त जोराचा होता का याचा. शेवटी हॅमरची, म्हणजे मागच्या हातोडीची, पिन मोठी केली, म्हणजे स्लाइड तुटली तरी मागे येणार नाही. तोंडं फुटल्यावर सुचलेलं शहाणपण.

आता पुढचं. पडल्याशिवाय, होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, असताना पी-३२० सुटलं म्हणून तिकडे कितीतरी दावे लागलेत. २०२४ मध्ये जॉर्जियातल्या ज्युरीनं एका माणसाला २३ लाख ५० हजार डॉलर द्यायला सांगितले, त्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या ज्युरीनं एका माजी सैनिकाला १ कोटी १० लाख. काही दावे कोर्टानं फेटाळले, तेही खरं. कंपनी ठाम सांगते की ट्रिगर दाबल्याशिवाय हे पिस्तूल सुटूच शकत नाही. ठीक आहे, कोर्टात भांडा. पण मे २०२५ मध्ये ज्या न्यू हॅम्पशायर राज्यात कंपनी आहे त्या राज्यानं कायदाच करून टाकला, की बाहेरची अमुक अमुक सेफ्टी नव्हती या मुद्द्यावर बंदूक बनवणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. पिस्तूल इतकं निर्दोष आहे तर दावा लावायची वाट का बुजवता? लावू दे की. हरेल तो.

"मग वायोमिंगचं काय?" पुतण्यानं विचारलंच. जुलै २०२५ मध्ये तिथल्या एफ. ई. वॉरन हवाई तळावर एम-१८ची गोळी लागून एक सैनिक मेला आणि आधी बोट पिस्तुलाकडेच दाखवलं गेलं. हवाई दलाच्या ग्लोबल स्ट्राइक कमांडनं लगेच सगळी एम-१८ बाजूला ठेवली. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका सैनिकाला अटक झाली, सदोष मनुष्यवधाचा आणि खोटी माहिती दिल्याचा संशय. पिस्तुलं पुन्हा वापरात आली. "बघा, माणसाचीच चूक!" पुतण्या म्हणाला.

हो, त्या प्रकरणात पिस्तुलाकडे बोट दाखवणारे तोंडघशी पडले. मान्य. पण अरे, त्या निमित्तानं त्या कमांडनं आपली जवळजवळ ८ हजार पिस्तुलं उघडून तपासली, आणि त्यातल्या १९१मध्ये काही ना काही निघालं, मुख्यतः भागांची झीज. १९१! ही आकडेवारी कुणी का सांगत नाही? एक माणूस खोटं बोलला म्हणून १९१ पिस्तुलांतली झीज भरून येते का? ती १९१ पिस्तुलं त्या दिवसापर्यंत १९१ माणसांच्या मांडीला लागून फिरत होती. त्यातलं एखादं सुटलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता ते मला पाठ आहे.

मला का पाठ आहे ते सांगतो.

एका युनिटमध्ये होतो. नाव सांगत नाही. तिथं एका जवानाच्या हातून ९ एमएमचं पिस्तूल सुटलं. आपलं जुनं, इशापूरचं, ब्राउनिंगच्या धर्तीचं. वाळूच्या पोत्यांसमोर उभा राहून, नळी पोत्याकडे धरून तो भरत होता. स्लाइड पुढे गेली आणि गोळी पोत्यात. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पोरगं एवढंच सांगत होतं, "साहेब, बोट बाहेर होतं. शप्पथ." कुणी ऐकलं नाही. बोटाशिवाय पिस्तूल सुटतं का?

तिसऱ्या दिवशी ते पिस्तूल माझ्या टेबलावर आलं. रिकामं केलं, दोनदा बघितलं, हॅमर चढवला. ट्रिगरला हात न लावता अंगठ्यानं हॅमर मागून दाबला. हॅमर खाली आला. परत चढवला, परत दाबला, परत खाली. खोलून सिअर भिंगाखाली धरला. त्याच्या नाकाची कड धारदार पाहिजे, ती नदीतल्या गोट्यासारखी गोल झालेली, गुळगुळीत, चकाकणारी. हॅमरची खाचही तशीच. ते पिस्तूल त्या पोराच्या हातात पडण्याच्या कितीतरी आधी बाद व्हायला हवं होतं. हिस्ट्री शीटवर तपासणीच्या सह्या होत्या, ओळीनं, एकाच पेनाच्या.

मी रिपोर्टमध्ये जे दिसलं ते लिहिलं. एकानं येऊन सांगितलं, "कशाला वाढवता, जवानाची चूक लिहा आणि मोकळे व्हा." मी बदललं नाही. पण रिपोर्ट वर पोचेपर्यंत पोराला रेड इंक एंट्री, म्हणजे नोकरीच्या कागदावर लाल शाईतली शिक्षेची नोंद, मिळाली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. ज्यानं न बघता सह्या ठोकल्या तो आरामात, आणि ज्यानं नळी पोत्याकडे धरायचा नियम पाळला, ज्याच्यामुळे कुणी मेलं नाही, त्याच्या कागदावर लाल शाई.

आणि तरीही मला जेवणाच्या ताटावर ऐकवतात, सैनिक ढिला.

"तिकडचं भांडण, आपल्याला काय" असंही कुणी म्हणू नका. याच सिग सॉअरच्या ७२,४०० रायफली आपण २०१९ मध्ये मागवल्या, २०२४ मध्ये आणखी ७३,०००. रायफल वेगळी, पिस्तूल वेगळं. पिस्तुलाची तक्रार मी रायफलीवर लादत नाही. पण उद्या आपणही मॉड्युलर पिस्तूल घेऊच, घ्यायलाही पाहिजे. तेव्हा मुठी तीन आकारांच्या येतील, फोटो छान येतील, टीव्हीवर फिरवून दाखवतील. मला बघायचंय ते दुसरंच. सिअर किती गोळ्यांनंतर बदलायचा हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असेल का? बदलायला सुटा भाग कोतपर्यंत पोचेल का, की मागणी करून वर्ष जाईल? मुठी बदलत राहिल्या तर कुठल्या चौकटीनं किती गोळ्या झाडल्या याची नोंद कोण ठेवेल? आणि पिस्तूल नको तेव्हा सुटलं तर आधी आर्मररला बोलावतील की आधी पोराला उभा करतील?

पुतण्याचा थोरला भरतीची तयारी करतोय. पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर त्याचे बूट वाजतात, मला आत ऐकू येतात. रविवारी तो बापाशेजारीच बसला होता, मान खाली घालून जेवत होता. मी पुतण्याला म्हटलं, "उद्या याच्या हातातलं सुटलं आणि हा म्हणाला बोट बाहेर होतं, तर तू काय म्हणशील रे?"

तो काही बोलला नाही. वहिनींनी भाकरी पुढे केली. मी नको म्हटलं आणि हात धुवायला उठलो.