चरस तो चरस, मग इतकी नावं कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा लागली. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा वही घेऊन बसले. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसानं चूक दाखवली, तर आधी ती तपासायची आणि मग रुसायचं, असं ठरवलं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या महिन्यात मी कोलोराडोतल्या परवानाधारक दुकानांत मिळणाऱ्या गांजाच्या अर्कांवर लिहिलं होतं: शॅटर, बडर, क्रम्बल, डायमंड वगैरे. त्यावर सरांचे तीन आक्षेप आहेत. चरस तो चरस, ही सगळी नावं म्हणजे दुकानदारी, हा पहिला. 'शॅटर काचेसारखं आरपार दिसतं, म्हणून ते सगळ्यात शुद्ध' असं वाक्य पहिल्या वर्षाच्या मुलानंही लिहू नये, हा दुसरा. आणि हे मराठीत लिहून मी पोरांच्या हातात काय देते आहे, हा तिसरा.

दुसऱ्यापासून सुरू करते, कारण तिथं तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. लाज याची वाटते की मी इथं चाचणी प्रयोगशाळेतच काम करते. आरपार दिसणाऱ्या नमुन्यात अर्क काढायला द्रावक म्हणून वापरलेलं ब्युटेन उरलेलं सापडतं आणि मातकट दिसणारा नमुना साफ निघतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. तरी लिहिताना दुकानदाराचं वाक्य लेखणीतून उतरलं. काच म्हणजे शुद्धता नव्हे. काच म्हणजे रेणूंना रांगेत बसायला सवड न मिळता थिजलेला पदार्थ.

हे मला खरं तर गुऱ्हाळावरच कळायला हवं होतं. आमचं गाव कागलच्या बाजूला. काहिलीतून काकवी कधी काढायची, पाक कधी उतरवायचा, वाफ्यात किती घोटायचा, हे सगळं गुळव्याच्या हातात. रस तोच, ऊस तोच. लवकर काढली तर काकवी, पुढं गेला तर गूळ, आणि घोटण्यात फरक पडला की गूळ रवाळ होणार की चिवट, हे ठरतं. काकवीची बाटली फडताळात वर्षभर राहिली की तळाला साखर बसते. आजी म्हणायची, 'काकवीनं साखर धरली'. लिमलेटची गोळी ही साखरेची काच. पावसाळ्यात उघडी ठेवा, चिकट होते, मग पांढरी आणि भुसभुशीत. साखर मात्र तीच.

गांजाच्या अर्कातही हेच चालतं. जिवंत झाडाच्या राळेत टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, जवळजवळ नसतोच, असतं ते त्याचं आम्ल, टीएचसीए. हे आम्ल स्फटिक धरतं. उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो टीएचसी. तो दाट तेलासारखा. त्याला स्फटिक धरायला लावणं महाकठीण. हा एक फरक आणि सोबत सुगंधी टर्पीनं किती उरली आहेत, एवढ्यावर दुकानातली बहुतेक रूपं उलगडतात. न हलवता पातळ थरात थिजलेला अर्क म्हणजे शॅटर. तोच घोटला की बारीक बारीक स्फटिक आणि हवा मिसळून लोण्यासारखा होतो, ते बडर. टर्पीनं उडून कोरडा, ठिसूळ झाला की क्रम्बल. ओलसर रवा धरला की 'शुगर'. आणि टर्पीनांच्या रसात आठवडे न आठवडे पडून राहिला की खडीसाखरेसारखे खडे खाली, वर पातळ रस: डायमंड आणि सॉस. शॅटर कपाटात ठेवून आठवड्यानं पाहिलं तर तेसुद्धा साखर धरतं, आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडतं की माल बिघडला. बिघडलेला नसतो.

'लाइव्ह रेझिन' हे मात्र रूपाचं नाव नाही. झाड कापल्या कापल्या न वाळवता गोठवलं, एवढंच ते सांगतं. मी लेखात ते शॅटरच्या रांगेत बसवलं होतं, तेही चुकलंच. तुमच्या नजरेतून सुटलं, म्हणून स्वतःच सांगून टाकते.

आता एक हिशेब, खास तुमच्यासाठी. टीएचसीएचा रेणुभार सुमारे ३५८.५, टीएचसीचा ३१४.५. म्हणजे १०० ग्रॅम आम्लातून फार तर ८७.७ ग्रॅम टीएचसी निघेल. डायमंडच्या डबीवर ९८ टक्के टीएचसीए लिहिलेलं असलं, तरी प्रत्यक्षात हिशेब ८६ टक्क्यांच्या आसपास येतो. शेजारी ९० टक्के टीएचसीचं डिस्टिलेट, म्हणजे ऊर्ध्वपातनानं काढलेलं तेल, पिवळट, मधासारखं, कुणी ढुंकूनही बघणार नाही असं. टीएचसी त्यात जास्त. चमकणारा खडा मात्र काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर. तेव्हा दुकानदारीचा तुमचा आरोप इथं मान्य.

पण रूपावरून पारख करण्याची खोड फक्त खिसा कापत नाही. २०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांची फुफ्फुसं अचानक निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, मृत्यू ६८. मुख्य संशयित ठरलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. ते तेलात कशाला घातलं होतं? काळ्या बाजारातलं गिऱ्हाईक व्हेपचं काडतूस (तेल भरलेली छोटी नळी) उलटं करून आतला बुडबुडा किती सावकाश चढतो ते बघायचं. सावकाश चढला की तेल दाट, दाट म्हणजे अस्सल. भेसळ करणाऱ्यांनी पातळ केलेलं तेल पुन्हा दाट दिसेल अशी वस्तू शोधून काढली. दुधात पाणी घालून फॅट दाखवायला आणखी काही घालणाऱ्यांची जात सगळीकडे एकच. माझं शॅटरचं वाक्य त्या बुडबुड्याच्याच घराण्यातलं होतं, म्हणून ते मला जास्त बोचतंय.

आता पहिला आक्षेप. चरस तो चरस? इथं मात्र मी तुमच्याशी भांडणार. हिमाचलमधल्या मलाण्यात चरस होतो तो उभ्या, ओल्या झाडाचे तुरे तळहातावर चोळून. राळ हाताला चिकटते, ती खरवडून गोळा करतात. एकोणिसाव्या शतकात लेहच्या वाटेनं पंजाबात उतरणारा मध्य आशियातल्या यारकंदचा चरस वेगळाच: वाळलेल्या झाडाची भुकटी चाळून केलेला. पहिल्यात ओलावा आणि पानांचा चोथा, दुसऱ्यात बहुतेक राळेच्या ग्रंथींचीच पूड. नाव एक आणि वस्तू दोन, तेही ब्युटेनचं नाव कुणी ऐकलेलं नसताना. आज बर्फाच्या पाण्यात झाड ढवळून बारीक जाळ्यांतून गाळतात तो 'बबल हॅश' मला तरी यारकंदचाच नातू वाटतो. म्हणून खरी वाटणी शॅटर आणि बडरमध्ये नाही. द्रावक वापरून काढलेलं आणि नुसतं चोळून, चाळून, गाळून किंवा गरम पत्र्यांत दाबून काढलेलं, अशी ती आहे. दुकानात हीच वाटणी सगळ्यात बारीक अक्षरात छापतात.

चरस 'एकच' समजून शास्त्रज्ञही फसले होते, सर. १८९६ साली केंब्रिजच्या वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड या तिघांनी शोधनिबंध लिहिला, त्याच्या मथळ्यातच 'चरस' हा शब्द आहे. ऊर्ध्वपातनानं त्यांना दाट, लाल तेल मिळालं आणि सगळा गुण यातच, असं त्यांना वाटलं. ते पुन्हा मिश्रणच निघालं. मॉर्फीन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच स्फटिकरूपात हाती आलं, कोकेन १८६० च्या सुमारास. टीएचसी शुद्ध रूपात मिळून त्याची रचना ठरायला १९६४ उजाडलं, तेही इस्रायलमध्ये, मेशुलाम आणि गाओनी यांच्या हातून, पोलिसांनी जप्त केलेल्या लेबनॉनच्या हशीशमधून. इतका उशीर होण्यामागे एक कारण साधं होतं: हा पदार्थ स्फटिक धरत नाही. मग पोत म्हणजे नुसती दुकानदारी असं कसं म्हणायचं?

तिसऱ्या आक्षेपावर फार लिहिणार नाही. मी स्वतः हे ओढत नाही आणि कुणी ओढावं असंही म्हणत नाही. पण इथून सुट्टीला गावी जाणारी मराठी मुलं बॅगेत व्हेपचं काडतूस टाकतात, 'हे तर तेल आहे, गांजा थोडाच' म्हणत, आणि भारतातला कायदा याला काय म्हणतो, ते मराठीत कुणी सांगत नाही. भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात चरसची व्याख्या आहे ती अशी: झाडापासून वेगळी केलेली राळ, कोणत्याही रूपात, कच्ची असो वा शुद्ध केलेली; हशीश तेलही त्यातच. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात तुमचंच वाक्य छापलेलं आहे, चरस तो चरस. गांजाच्या बाबतीत अल्प मात्रा १ किलोपर्यंत आणि व्यापारी मात्रा २० किलोंच्या वर. चरसच्या बाबतीत १०० ग्रॅम आणि १ किलो. मात्रा अल्प ठरली तरी गुन्हा तो गुन्हाच, एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. शिवाय सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं की मिश्रणात अमली द्रव्य किती टक्के हे बघायचं नाही, सगळं वजन धरायचं. इथल्या डबीवरचे ते ९८ आणि ९० टक्के मुंबईच्या विमानतळावर कुणी वाचत बसणार नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत की या सगळ्याला मराठी शब्द का वापरले नाहीत. राळ, खडा, रवा, काकवी यांनी बरंच भागतं आणि पुढच्या लेखात तेच वापरीन. 'शॅटर'साठी काही सुचलं नाही. 'काच' म्हटलं की पुन्हा ती शुद्धतेची भानगड येते. जुन्या लेखातलं ते वाक्य मी पुसलेलं नाही. त्यावर रेघ मारून खाली तुमची दुरुस्ती जोडली आहे, तुमच्याच शब्दांत, फक्त पहिल्या वर्षाच्या मुलाचा उल्लेख गाळून.