'शेअर्ड मेमरी भरते, म्हणून सतत मेसेजिंगला चालत नाही' हे साफ चुकीचं आहे

एक मेसेज सगळीकडे फिरतोय आणि नवीन पोरं तो खरा धरून डिझाइन करतायत, म्हणून सविस्तर लिहितो. त्यातलं म्हणणं असं की शेअर्ड मेमरीची फाइल (दोन प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, एकत्र वापरतात ती मेमरी) ठरावीक साईझची, त्यामुळे दोन प्रोसेसमधले सतत येणारे मेसेज तिच्यातून जाऊच शकत नाहीत, भरली की फाइल वाढवा नाहीतर डेटा गमवा, वर लॉक (एका वेळी एकालाच हात लावू देणारं कुलूप) लागतंच, एक प्रोसेस मेली की सगळं लटकतं, आणि शेवटी फाइलच ती, डिस्क घासत बसते, त्यापेक्षा सॉकेट (कर्नलमार्फत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यामार्फत, मेसेज पाठवायची वाट) वापरा.

"भरली की संपलं" हे आधी घेऊ, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे. रहाटाला गाडगी मोजकीच असतात, तरी मळ्याला दिवसभर पाणी जातं ना? रिंग बफर, म्हणजे शेवटाला पोचलं की पुन्हा सुरुवातीपासून वापरायची जागा, तसाच. समजा फाइल 65,536 बाइटची आहे, लिहिणारा एकूण 2,00,000 व्या बाइटवर पोचलाय आणि वाचणारा 1,90,000 वर. हे दोन्ही आकडे फक्त वाढत जातात, मागे कधीच येत नाहीत. फाइलमधली जागा हवी तर 65,536 ने भागून बाकी घ्यायची, म्हणजे लिहिणारा 3,392 वर, वाचणारा 58,928 वर. न वाचलेलं 10,000, मोकळं 55,536, झालं. फाइलच्या साईझवरून ठरतं ते एवढंच, की वाचणारा किती मागे राहिलेला चालेल. हे वाढते आकडे, म्हणजे काउंटर, 64 बिटचे ठेवले तर सेकंदाला 1 जीबी लिहूनसुद्धा ते संपायला 290 वर्षांच्या वर लागतील. आणि लिनक्सचा साधा पाइप (एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याला देणारा) बघा, त्याची डिफॉल्ट क्षमता साधारण हीच, 65,536 बाइट, त्यातून आपण कित्येक जीबीचं टार (फाइलींचं गाठोडं) ढकलतोच की!

वाचणारा खरंच मागे पडला तर काय, हा प्रश्न रास्त आहे. लिहिणाऱ्यानं थांबायचं की जुनं टाकून द्यायचं, हे आधी ठरवावं लागतं. पण सॉकेटचा बफरही भरतोच, तिथेही सेंड अडकतो, मग हा दोष एकट्या शेअर्ड मेमरीचा कसा?

लॉकचं म्हणाल तर एक लिहिणारा आणि एक वाचणारा असेल तर लागत नाही. लिहिणारा फक्त आपला काउंटर बदलतो, वाचणारा फक्त आपला. आधी डेटा लिहायचा, मग रिलीज ऑर्डरनं काउंटर पुढे करायचा, वाचणाऱ्यानं तो अक्वायरनं वाचायचा (नवा काउंटर दिसला म्हणजे त्याआधीचा डेटाही नक्की दिसेल, अशी प्रोसेसरकडून हमी घेण्याच्या या दोन पद्धती). इथे ढिलाई केली तर इंटेलवर बरेचदा खपून जातं आणि एआरएमवर कचरा वाचला जातो, म्हणून टेस्ट दोन्हीकडे करा. लिनक्स 5.1 मध्ये 2019 ला आलेलं आयओ-युरिंग (io_uring, फाइल-नेटवर्कची कामं कर्नलला द्यायची सोय) याच पद्धतीनं कर्नल आणि प्रोग्रॅममध्ये काम देतं-घेतं. लिहिणारे अनेक असतील तर अ‍ॅटॉमिक बेरजेनं (मध्ये दुसरं कुणी घुसू न शकणाऱ्या) आपापली जागा आधी अडवून ठेवतात.

प्रोसेस मेल्यावर लटकणं, यात थोडं तथ्य आहे. जागा अडवून लिहिणारा मध्येच मेला तर वाचणारा त्या रेकॉर्डपाशी अडतो. एरॉन (Aeron) या मेसेजिंग लायब्ररीत यावर छान तोडगा आहे: लिहिणं चालू असताना रेकॉर्डची लांबी ऋण असते, पूर्ण झालं की धन होते, त्यामुळे अर्धवट रेकॉर्ड कुणी वाचतच नाही, आणि कुणी मेला तर एरॉनचा ड्रायव्हर तेवढी जागा पॅडिंगनं, म्हणजे वगळायच्या रिकाम्या रेकॉर्डनं, भरून वाट मोकळी करतो. उलट वाचणारा मेला तर सॉकेटमधलं न वाचलेलं त्याच्याबरोबर जातं, इथे ते फाइलमध्येच राहतं, नवीन प्रोसेस जुन्या पोझिशनपासून पुढे वाचू शकते.

डिस्क घासण्याचं तर अगदीच चूक. लिनक्समध्ये शेअर्ड मेमरीच्या फाइली जिथे असतात ती /डेव्ह/एसएचएम (/dev/shm) ही टेम्पएफएस आहे, म्हणजे रॅम, फारतर स्वॅपमध्ये (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) जाईल. साध्या ईएक्सटी4 (डिस्कवरच्या नेहमीच्या फाइलसिस्टिम) वर फाइल ठेवली तरच बदललेली पानं मागून डिस्कवर जातात. खरा त्रास वेगळाच आहे, आणि त्याबद्दल त्या मेसेजमध्ये एक अक्षर नाही. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं टूल) /डेव्ह/एसएचएम डिफॉल्टला फक्त 64 एमबी मिळते, एफट्रंकेटनं (ftruncate, फाइलची नुसती साईझ ठरवणारा कॉल) 100 एमबीची फाइल बिनतक्रार बनते, आणि लिहिताना मध्येच सिगबस (SIGBUS, मेमरी मिळत नसल्याचा सिग्नल) येऊन प्रोसेस मरते. म्हणून खरी जागा आधीच राखून ठेवणारं पोझिक्स-एफअलोकेट (posix_fallocate) वापरा, जागा नसेल तर सुरुवातीलाच एरर मिळेल, आणि कंटेनर चालू करताना एसएचएम-साईझ (--shm-size) वाढवून द्या.