चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

विभागाचा सर्व्हर बदलायचा विषय काढला की हेच उत्तर ठरलेलं. अहो, त्यावरच्या सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमचे सुरक्षा अपडेट ३० जून २०२४ लाच बंद झाले! तरी प्रबंध, प्रयोगांचा डेटा, सगळं त्याच्यावरच. युजर खाती प्रत्येक मशीनवर वेगळी. पासवर्ड बदलायचा तर लॅबभर फिरा. फ्रीआयपीए, म्हणजे सगळी खाती एका जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर, लावलं तर एकच लॉगिन सगळीकडे चालेल. अ‍ॅन्सिबल या मशीन आपोआप सेट करणाऱ्या साधनात सगळं सेटिंग एकदा नीट लिहिलं की अख्खी लॅब सारखी सेट होते, आणि ते गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवलं की कुणी काय बदललं ते दिसतं. लायसन्सला पैसा लागत नाही. लागतो माणसाचा वेळ, आणि नेमका तोच कुणी मंजूर करत नाही! नवं हार्डवेअर मात्र बिनबोभाट येतं, आणि त्यावर पुन्हा तीच जुनी इमेज, म्हणजे सिस्टिमची तयार प्रत, चढवतात. जीव तुटतो हो!